डब्ल्यूपी इंजिन कसं घडलं आणि ते खरंच चांगलं होतं का

प्रश्न असा आहे की ब्रिटिशांच्या ए-फोर वर्गातल्या मलार्ड इंजिनाने १९३८ साली ताशी २०२ किलोमीटरचा विक्रम केला, मग आपल्या भारतीय रेल्वेचं डब्ल्यूपी, जे दिसायला तसंच पुढून निमुळतं, तेही पॅसिफिक (ही चाकांची एक मांडणी, पुढे सांगतो), तेही एक्सप्रेस गाड्यांचं, त्याच्या नावावर काहीच विक्रम का नाही, आणि ते इंजिन खरंच चांगलं होतं की नुसतं दिसायला देखणं. मी नोकरीची सुरुवातीची वर्षं मध्य रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून काढली, नंतर विजेच्या इंजिनावर ड्रायव्हर झालो, त्यामुळे डब्ल्यूपी मी आतून पाहिलंय, म्हणजे अक्षरशः फायरबॉक्सच्या तोंडाशी उभं राहून. उत्तर लांब होणार आहे कारण हे इंजिन समजायला त्याच्या आधीची गोष्ट माहीत असावी लागते, आणि ती गोष्ट फार लोकांना माहीत नसते.

आधी थोडक्यात सांगतो. डब्ल्यूपी विक्रमासाठी बनवलेलंच नव्हतं. राखेने भरलेला कोळसा, खारं पाणी, कुठेकुठे अशक्त रूळ, आणि शेडमध्ये गर्दी एवढी की प्रत्येक इंजिनाला वेळ मिळेलच असं नाही, या सगळ्यात रोज वेळेवर गाडी ओढायची यासाठी ते बनवलं होतं. त्या कामात ते माझ्या मते जगातल्या चांगल्या एक्सप्रेस इंजिनांमध्ये बसतं. नाकाचा त्यात काही संबंध नाही.

आता मागे जाऊ. १९२० च्या दशकात हिंदुस्थानात बऱ्याच रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येकीची इंजिनं वेगळी, पार्ट वेगळे, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मग ठरलं की सगळ्यांसाठी ठरावीक नमुने करायचे. ब्रॉडगेजच्या पॅसेंजर गाड्यांसाठी तीन पॅसिफिक आली, हलक्या रुळासाठी एक्सए, मधलं एक्सबी, आणि जड एक्ससी. पॅसिफिक म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी जोडलेली, आणि फायरबॉक्सच्या खाली मागे दोन. मागची दोन चाकं का, तर त्यामुळे फायरबॉक्स चाकांच्या मध्ये न अडकता रुंद करता येतो, आणि हलक्या प्रतीचा कोळसा जाळायचा तर जाळी रुंदच पाहिजे. इथपर्यंतचा विचार बरोबर होता. चांगला कोळसा महाग होत चाललेला, झरिया-राणीगंजचा निवडक माल सगळीकडे पुरणार नव्हता, तेव्हा जे मिळेल ते जाळणारं इंजिन हवं हे त्या लोकांना कळलेलं होतं.

गडबड झाली ती चाकांमध्ये. म्हणजे मोठ्या चाकांमध्ये नाही, पुढच्या बोगीत, म्हणजे पुढच्या चार छोट्या चाकांच्या गाड्यात, आणि मागच्या ट्रकमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या गाड्यात. ही इंजिनं वेगात आली की रुळावर डावी-उजवी डोलायला लागायची. याला हंटिंग म्हणतात. रेल्वेचं चाक सपाट नसतं, किंचित उताराचं असतं, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे होणं हे प्रत्येक गाडीत असतंच. पुढच्या बोगीचं काम असं की इंजिनाचं तोंड धरून ठेवायचं, आडव्या स्प्रिंगांनी त्याला मध्यावर आणत राहायचं. त्या स्प्रिंगा नरम असल्या की बोगी नुसती खाली फिरते आणि इंजिनाला सरळ ठेवायचं काम पहिल्या मोठ्या चाकावर येतं, मग ते चाक सतरा टनांचं ओझं घेऊन रुळाला आतून धक्के मारत जातं. मागचा ट्रकही तितकाच मोकळा असला की अख्खं इंजिन मध्यावर फिरल्यासारखं पुढे-मागे शेपूट हलवतं. रूळ भक्कम असेल, खडी नीट बसलेली असेल तर हे खपून जातं. जिथे रूळ कच्चा तिथे रूळच वाकडा होतो, जागच्या जागी, गाडीच्या खाली.

अशा तक्रारी ही इंजिनं आल्यापासून येत होत्या. वेगावर बंधनं घातली, थोड्या दुरुस्त्या केल्या, पण मुळाशी कुणी गेलं नाही, आणि इंजिनं घेतलेली तर पावणेतीनशेच्या वर. मग १७ जुलै १९३७ ला ईस्ट इंडियन रेल्वेवर पाटण्याजवळ बिहटा इथे पंजाबकडून हावड्याला जाणारी एक्सप्रेस रुळावरून उतरली. पुढे एक्सबी होतं. शंभरावर माणसं गेली. त्या काळात लाकडी बॉडीचे डबे असायचे आणि असे डबे एकमेकांत घुसले की आतल्या माणसाला वाचायला जागाच राहत नाही.

न्यायालयीन चौकशी झाली, अलाहाबाद हायकोर्टाचे चीफ जस्टिस सर जॉन थॉम यांनी केली, आणि बोट एक्सबीकडे आणि त्याच्या खालच्या रुळाकडे गेलं. त्यानंतर पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी नेमली गेली, प्रमुख कर्नल अ‍ॅलन माउंट, जे ब्रिटनमध्ये रेल्वे अपघातांची तपासणी करायचे, आणि सोबत विल्यम स्टॅनियर, जे तिकडच्या एलएमएस रेल्वेचे मुख्य मेकॅनिकल इंजिनियर होते. फ्रान्समधले तज्ज्ञही होते कारण इंजिन आणि रूळ एकमेकांवर काय जोर लावतात हे मोजायचं काम फ्रेंचांनी पुढे नेलेलं होतं. ही मंडळी १९३८ च्या शेवटी हिंदुस्थानात आली, हिंडली, चाचण्या बघितल्या, आणि १९३९ मध्ये रिपोर्ट दिला. त्यातला मुद्दा मी वर सांगितला तोच, बोगीचा आडवा कंट्रोल कमी, मागच्या ट्रकचाही कमी, इंजिन आणि टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, यांच्यातला जोड असा की डोलणं थांबवायला काही मदत नाही, आणि काही ठिकाणी रूळ या इंजिनांना पुरेसा नाही. म्हणजे चूक एकट्या इंजिनाची नाही आणि एकट्या रुळाचीही नाही, दोन खात्यांच्या मध्ये जी जागा सुटते तिथली. इंजिन बनवणारे म्हणायचे रूळ सुधारा, रूळवाले म्हणायचे इंजिन बदला, आणि गाडी रोज धावत होती. स्प्रिंगा बदलल्यावर तीच इंजिनं बऱ्यापैकी शांत धावली, म्हणजे उपाय फार महाग नव्हता. हे वाचताना मला आजही त्रास होतो.

आता ते २०२ किलोमीटरवालं बघा. मलार्डचा विक्रम ३ जुलै १९३८ चा, म्हणजे बिहटाला जेमतेम वर्ष झालेलं. तिकडे चांगला कोळसा, ठोस रूळ, तीन सिलिंडरचं इंजिन, २५० पौंडाचं प्रेशर, दोन मीटरच्या वर व्यासाची चाकं. आणि त्या विक्रमी धावेत मधल्या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग तापलं, इंजिन पुढे नेता आलं नाही. ए-फोर ज्यांनी आखलं त्या ग्रेस्लीसाहेबांच्या कामाचा मान ठेवून सांगतोय, ते फार सुंदर इंजिन आहे, पण मधला सिलिंडर फ्रेमच्या आत असतो, त्याचं बेअरिंग बघायचं तर माणसाला पिटमध्ये उतरून खालून वर घुसावं लागतं, आणि वाल्व चालवणारी कांडी-जोडणीची रचना झिजली की त्या सिलिंडरवर जास्त ताण येतो. अशी ए-फोर एकूण ३५ बनली. डब्ल्यूपी ७५५ बनली. ७५५ इंजिनं देशभर पसरलेली, प्रत्येक शेडमध्ये मधल्या सिलिंडरचा जाणकार फिटर कुठून आणणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणखी एक गोष्ट झाली जिचा डब्ल्यूपीवर फार परिणाम आहे. मालवाहतूक वाढली, ब्रिटिश कारखाने त्यांच्या लढाईत गुंतलेले, म्हणून अमेरिका आणि कॅनडातून मालगाडीची इंजिनं मोठ्या संख्येने आली, एडब्ल्यूडी, एडब्ल्यूई, सीडब्ल्यूडी अशी नावं. दिसायला ओबडधोबड, पॉलिश नाही, पितळ नाही, पण शेडमधल्या लोकांना ती आवडली. फ्रेम जाड पोलादी बारची, पत्र्याच्या प्लेटची नाही, त्यामुळे बाहेर उभं राहिलं तरी आतलं सगळं दिसतं, हात जातो, दिवा जातो. पाइप बाहेरून फिरवलेले. राख पाडायला हलवता येणारी जाळी. माझ्या आधीच्या पिढीतले बॉयलरमेकर या इंजिनांबद्दल बोलायचे तेव्हा पहिलं वाक्य हेच असायचं की ती कामाला सोपी होती.

मग रेल्वे बोर्डाने नवीन एक्सप्रेस इंजिनासाठी फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीकडे जायचं ठरवलं. पहिली सोळा इंजिनं, ७२०० ते ७२१५ नंबरची, १९४७ मध्ये आली. स्वातंत्र्याच्या वर्षी आली हा योगायोग, पण त्यामुळे लोकांच्या मनात डब्ल्यूपी म्हणजे स्वतंत्र भारताचं इंजिन असं बसलं आणि ते तसं बसलं हे मला आवडतं. ती सोळा चालवून बघितली, समाधान झालं, आणि १९४९ पासून मोठी ऑर्डर, त्यातली काही बाल्डविनला आणि बाकी कॅनडाला.

आता इंजिनाबद्दल. आकडे थोडे देतो कारण त्याशिवाय तुलना होत नाही. एक्सबीची मोठी चाकं ७४ इंच होती, डब्ल्यूपीची ६७ इंच, म्हणजे साधारण १७०० मिलिमीटर. एक्सबीचं प्रेशर १८० पौंड, डब्ल्यूपीचं २१०. सिलिंडर दोनच, दोन्ही बाहेर, सव्वावीस इंच व्यास आणि अठ्ठावीस इंच स्ट्रोक. ओढायची ताकद एक्सबीची २६,७६० पौंड आणि डब्ल्यूपीची ३०,६०० पौंड. सिलिंडर एक्सबीपेक्षा छोटे असून ताकद जास्त, कारण प्रेशर वाढवलं आणि चाक लहान केलं. लोक विचारतात एक्सप्रेस इंजिनाला चाक लहान का. अहो आपल्याकडे कमाल वेग ताशी शंभरच्या आसपास, मग दीडशेसाठीचं चाक कशाला वागवायचं? आपल्या गाड्यांचा वेळ जायचा तो स्टेशनातून उचलताना, चौदा-पंधरा डबे, लोक दारात लटकलेले, सिग्नल मिळायला उशीर झालेला, आणि तो वेळ भरून काढायला उचल पाहिजे. लहान चाकाने उचल मिळते. त्याची किंमत म्हणजे वेगात असताना मशिनरी जास्त वेळा फिरते, शंभरच्या स्पीडला चाक मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतं आणि एका फेऱ्यात चिमणीतून चार फुत्कार, म्हणजे सेकंदाला वीस. ते वेगळे ऐकूच येत नाहीत, एक सलग गर्जना होते.

बिहटाचा धडा सगळ्यात जास्त कुठे दिसतो तर इंजिनाच्या पोटाखाली. चाकांवरच्या स्प्रिंगा सुट्या ठेवलेल्या नाहीत, इक्वलायझर म्हणजे तराजूसारख्या बीमनी एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे एक चाक रुळाच्या खड्ड्यात गेलं तर त्याचं ओझं बाजूच्या चाकांवर वाटलं जातं आणि कोणतंच चाक हलकं होऊन उडत नाही. पुढची बोगी नीट धरून ठेवणारी. आमच्या रुळावर काही तुकडे असे होते की तिथून जाताना जुनी माणसं सवयीने हात घट्ट धरायची, डब्ल्यूपी तिथे हलायचं, खडखडायचं, फूटप्लेटवर, म्हणजे आम्ही उभे असायचो त्या जागी, धूळ आणि कोळशाचा चुरा उडायचा, पण ते शेपूट हलवणं नव्हतं. फायरमनला हा फरक लगेच कळतो कारण त्याचे दोन्ही हात फावड्यावर असतात आणि तोल पायावर. इंजिन आडवं फेकायला लागलं तर कोळसा दारात न जाता बाहेर सांडतो.

आणि फायरबॉक्स. जाळी ४६ चौरस फूट, म्हणजे सव्वाचार चौरस मीटर, एका छोट्या खोलीएवढा विस्तव, आणि हे सगळं हाताने भरायचं, मशीनचा स्टोकर नाही. म्हणून दोन फायरमन असायचे. पहिल्यांदा दार उघडून आत बघणाऱ्याला वाटतं की मध्ये ढीग घातला की झालं. तसं केलं की पुढच्या चढावर स्टीम खाली आलंच समजा. रुंद बॉक्समध्ये विस्तव मागच्या दोन कोपऱ्यांत जाड ठेवायचा, भिंतींना लागून जरा जाड, आणि मध्ये-पुढे पातळ, कारण इंजिनाच्या हादऱ्याने कोळसा आपोआप पुढे सरकत जातो. एका वेळी थोडा, आणि पुन्हा पुन्हा. एकदम दहा-बारा फावडी टाकली की विस्तव थंड पडतो, चिमणीतून काळा धूर निघतो, आणि तो काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसाच हवेत चाललाय. चांगल्या ड्रायव्हरची नजर सतत चिमणीवर असायची, फिकट करडा धूर दिसला की काही बोलायचा नाही, तेवढीच शाबासकी.

कोळशात राख एवढी असायची की लांबच्या पल्ल्यात जाळीवर तिचा थर बसतोच, आणि काही कोळशांची राख वितळून त्याच्या चकत्या होतात, क्लिंकर. क्लिंकर धरला की खालून हवा येत नाही, त्या जागी विस्तव आधी लाल, मग काळा. जुन्या इंजिनात लांब सळई घेऊन तो फोडत बसावं लागायचं, सळईचं दुसरं टोक हातात धरवत नाही एवढं तापतं. डब्ल्यूपीत जाळी बाहेरून लिव्हरने हलवता यायची, थोडीशी हलवली की राख खाली पडते आणि विस्तव पुन्हा मोकळा श्वास घेतो. ही एक सोय नसती तर आपल्या कोळशावर एवढी मोठी जाळी हाताने चालवणं माणसाच्या आवाक्यातलं राहिलं नसतं, असं मी स्वतःच्या पाठीच्या अनुभवावरून सांगतो. तरीही मे महिन्यात सोलापूरकडे बाहेरच बेचाळीस डिग्री असताना फूटप्लेटवर काय होतं ते कितीही लिहिलं तरी पोचणार नाही. मानेला ओला गमछा, पाण्याची पिशवी टेंडरच्या बाजूला लटकवलेली, आणि मीठ घातलेलं पाणी पीत राहायचं.

दोष नव्हते असं नाही. सुरू करताना घसरायचं, विशेषतः पावसाच्या पहिल्या सरीनंतर रूळ चिकट झाल्यावर. तीन जोड्यांवर मिळून साधारण पंचावन्न टन ओझं आणि त्याला साडेतीस हजार पौंड ओढ, म्हणजे हिशोब चारास एकचा, कागदावर ठीकच, पण पॅसिफिकमध्ये जोर लावला की इंजिनाचं वजन मागच्या ट्रकवर बसतं आणि मोठी चाकं हलकी होतात. ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा, हळू उघडणारा असेल तर प्रश्न नाही, अधीर असेल तर जागच्या जागी चाकं फिरतात, विस्तवातून अर्धा कोळसा चिमणीवाटे उडून जातो आणि शिव्या फायरमनला पडतात. खारं पाणी हा दुसरा त्रास, पण तो आमच्या भागाचा, इंजिनाचा नाही. बॉयलरमध्ये थर बसायचा, ट्यूब गळायच्या, पाणी फेसाळून स्टीमबरोबर सिलिंडरमध्ये जायचं. ठरलेल्या दिवशी बॉयलर धुतला तर इंजिन वर्षानुवर्षं नीट चालायचं, धुणं पुढे ढकललं की महिन्याभरात त्याच इंजिनाचा स्वभाव बदलायचा. डब्ल्यूपीबद्दल ज्यांचं मत वाईट आहे त्यांनी बहुतेक शेवटच्या वर्षांतलं, देखभाल सुटलेलं डब्ल्यूपी बघितलेलं असतं.

नाकाबद्दलही लिहितो कारण सगळे तेच विचारतात. बंदुकीच्या गोळीसारखं पुढचं टोक, मध्ये हेडलाइट, भोवती चमकदार ताऱ्याची नक्षी, बाजूला लांब पत्र्याची झालर. ताशी शंभरला हवेचा विरोध एवढ्याने काही कमी होत नाही. त्या काळात जगभर अशी वळणदार इंजिनं करायची पद्धत होती आणि नव्या देशाला नवं दिसणारं इंजिन हवं होतं, त्यात मला काही चूक वाटत नाही. प्रत्येक रेल्वे, प्रत्येक शेड आपापल्या परीने तो तारा सजवायची, रंग वेगळे, पट्ट्या वेगळ्या, आणि आपलं इंजिन दुसऱ्या शेडच्या इंजिनाशेजारी उभं राहिलं की क्लीनर पोरं आधी ताऱ्याकडे बघायची. अशा अभिमानाने इंजिनं स्वच्छ राहतात, आणि स्वच्छ इंजिनावर तडा गेलेला लवकर दिसतो, म्हणजे नाकाचा उपयोग झाला तो असा.

महाराष्ट्रात डब्ल्यूपी कुठे दिसायची हे बरेच जण विचारतात. जीआयपी रेल्वेने, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीने, मुंबईहून पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत वीज १९२९-३० लाच नेलेली होती, त्यामुळे डेक्कन क्वीनला डब्ल्यूपी हा प्रश्नच नव्हता, ती पहिल्यापासून विजेवर. घाट विजेच्या इंजिनाने चढायचे, आणि पुण्याला किंवा इगतपुरीला ते काढून वाफेचं लावायचे, तिथून पुढे सोलापूर-वाडी नाहीतर मनमाड-भुसावळ. पश्चिम रेल्वेवर मात्र वीज विरारपर्यंत आणि तीही लोकलसाठी, म्हणून लांबच्या मेल-एक्सप्रेस थेट बॉम्बे सेंट्रलहून वाफेवर निघायच्या, आणि दादर-अंधेरीला लोकलची वाट बघणारे लोक शेजारून जाणारं डब्ल्यूपी बघायचे. मुंबईतल्या वयस्कर माणसांना ते इंजिन आठवतं ते यामुळे. उत्तरेत १९६४ ला सुरू झालेली ताज एक्सप्रेस दिल्लीहून आग्र्याला डब्ल्यूपीच न्यायचं आणि ती वाफेवरच्या देशातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांमध्ये मोडायची.

बनवण्याचा इतिहास थोडक्यात, अमेरिकेनंतर कॅनडा, त्यात शंभरावर इंजिनं कोलंबो प्लॅन या राष्ट्रकुल देशांच्या मदत योजनेखाली मिळालेली, मग थोडी ऑस्ट्रिया आणि पोलंडमधून, आणि १९६३ ते १९६७ मध्ये २५९ आपल्या चित्तरंजनला. चित्तरंजनचा कारखाना १९५० ला सुरू झाला पण तिथे आधी डब्ल्यूजी बनवायचे, ते मालगाडीचं इंजिन, त्याचा बॉयलर आणि बरेच पार्ट डब्ल्यूपीशी जुळतात. हे जुळणं फार मोठी गोष्ट होती. शेडमध्ये डब्ल्यूपीचा पार्ट नसेल तर उभ्या असलेल्या डब्ल्यूजीवरचा काढून लावायचा आणि गाडी वेळेवर सोडायची, हे सर्रास चालायचं, आणि एक्स वर्गाच्या वेळी जे स्वप्न बघितलं होतं ते इथे पूर्ण झालं.

लोक म्हणतात बाल्डविनने स्वतः पन्नाशीच्या दशकातच वाफेची इंजिनं सोडली आणि आपण १९६७ पर्यंत डब्ल्यूपी बनवत बसलो, हा मागासपणा. मला हे पटत नाही. तेल बाहेरून आणायचं, त्याला परकीय चलन लागायचं, ते आपल्याकडे नव्हतं. कोळसा घरचा, माणसं घरची, कारखाना घरचा. डिझेल येत होतं, अल्कोची डब्ल्यूडीएम-टू १९६२ पासून, वाराणसीचा कारखाना १९६४ पासून, पण सगळ्या देशाला पुरेल एवढं यायला वेळ लागणार होता आणि मधल्या वर्षांत गाड्या कुणी ओढायच्या? त्या डब्ल्यूपीने ओढल्या.

मी लागलो तेव्हा मोठ्या मेल गाड्या डिझेलकडे गेलेल्या होत्या आणि डब्ल्यूपी प्रत्येक स्टेशनला थांबणारी पॅसेंजर ओढत होतं. एक्सप्रेससाठी बनवलेलं इंजिन दर सात-आठ किलोमीटरला थांबवायचं म्हणजे त्याला न्याय नव्हे, कोळसा जास्त खातं, विस्तव सारखा वरखाली करावा लागतो. पण कधी पॅसेंजर उशिरा असली, पुढचा ब्लॉक मोकळा मिळाला आणि जुना, मेल गाड्यांवर काम केलेला ड्रायव्हर असला, की तो रेग्युलेटर पूर्ण उघडायचा, रिव्हर्सर मागे घेत कटऑफ, म्हणजे दट्ट्याच्या धावेत किती भागापर्यंत वाफ सोडायची ते, वीस-पंचवीस टक्क्यांवर आणायचा, आणि इंजिन ज्यासाठी बनवलं होतं ते करून दाखवायचं. सुई २१० ला चिकटलेली आणि पाणी अर्ध्या ग्लासावर. त्या वेळी मला कळलं की आकडे वाचून इंजिन समजत नाही.

ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली, पण तिला डब्ल्यूपी नव्हतं, डब्ल्यूएल १५००५ होतं. या दोघांत बरेच जण गोंधळतात म्हणून सांगतो. डब्ल्यूएल हे डब्ल्यूपीचं हलकं भावंड, तेही पॅसिफिक, एकूण शंभरेक बनली, जिथे रूळ साडेअठरा टन पेलत नाही अशा मार्गांसाठी. त्याला गोळीसारखं नाक नाही, पुढून सपाट. डब्ल्यूपी बघायचं असेल तर हरियाणात रेवाडीच्या स्टीम शेडला जा. पहिल्या सोळातलं ७२०० तिथे आहे आणि चित्तरंजनचं १९६५ चं ७१६१, ज्याला अकबर म्हणतात आणि जे सिनेमांत बऱ्याचदा दिसतं. गेलात तर पुढून फोटो काढून झाल्यावर बाजूला या, वाका आणि मोठ्या चाकांच्या मधून आत बघा, स्प्रिंगांना जोडणारे ते बीम दिसतील. शेडमधल्या माणसांना विचारून बघा, ती दाखवतात, आणि कुणी बॉयलर कसा धुतात हे विचारलं की त्यांना फार बरं वाटतं.